वाट चुकावी ती लखनौच्या चौकात!

मुलाला पाहायच्या होत्या अमेरिकेतल्या खडकांच्या दऱ्या. बाबांनी तिकिटं काढली लखनौची. रुसव्याने सुरू झालेल्या या सहलीत एका दिवसात काय काय घडलं, त्याची ही हकिगत.

सकाळचे साडेसहा वाजलेत. डिसेंबरचं दाट धुकं पडलंय. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, नुसता त्याचा खोकला ऐकू येतो. अशा वेळी ठाण्याचं एक कुटुंब लखनौच्या गोल दरवाजापाशी ई-रिक्षातून उतरतं. सत्तरी ओलांडलेली आजी, आई, बाबा, नववीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. आजीच्या डोक्याला मफलर, मुलीच्या हातात मोजे, आणि मुलाच्या चेहऱ्यावर मुंबईहून निघाल्यापासूनचा रुसवा.

रुसव्याला कारण आहे. त्याचा मावसभाऊ कॅलिफोर्नियात राहतो. दिवाळीच्या सुमारास तो आईवडिलांबरोबर अरिझोनातल्या नवाहो लोकांच्या भूमीत जाऊन आला. वाळवंटातले लाल-केशरी खडक, त्यांच्यामधली जेमतेम माणूस मावेल अशी अरुंद दरी, वरच्या फटीतून खाली उतरणारा उन्हाचा झोत, असे पन्नासएक फोटो त्याने पाठवले. ते पाहिल्यावर नाताळच्या सुट्टीत आपण लखनौला चाललोय हे कळलं, तेव्हा मुलगा एवढंच म्हणाला, "लखनौत काय आहे? कबाब आणि पहले आप!"

गोल दरवाजापाशी मात्र त्याचं पहिलं वाक्य खरं होण्याआधी दुसरंच खरं झालं. कोपऱ्यावर एक विक्रेता मोठी परात मांडून बसला होता. परातीत पांढऱ्या-पिवळसर फेसाचा डोंगर. बाबांनी पाच द्रोण मागितले. त्याने पहिला द्रोण भरला, बाबांचा पुढे आलेला हात सोडून तो आजीपुढे धरला आणि म्हणाला, "माताजी, पहले आप." मुलगा हसू दाबत दुसरीकडे बघू लागला.

या पदार्थाला लखनौत मक्खन मलाई किंवा निमिष म्हणतात. तो फक्त थंडीतच मिळतो. दूध आटवून रात्री उघड्या आकाशाखाली दवात ठेवायचं, पहाटे ते घुसळायचं आणि वर येणारा फेस अलगद काढून घ्यायचा. त्यात साखर, केशर, वेलची, वरून पिस्ते. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून विक्री सकाळीच आटोपते. धाकटीने एक घास तोंडात घातला आणि द्रोणात वाकून पाहत विचारलं, "गेलं कुठे?"

दुष्काळातलं बांधकाम

चौक हा लखनौचा जुना बाजार. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा या दोन वेशींमधली एक लांबट गल्ली आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या असंख्य बोळी, म्हणजे मूळचा चौक. नावात चौक असला तरी आपल्याकडच्यासारखे चार रस्ते मिळतात अशी ही जागा नव्हे. दुकानं उघडायला दहा-अकरा वाजतात. तोवरचा वेळ जवळच असलेल्या बड्या इमामबाड्यासाठी ठेवावा, हे उत्तम.

अवधचा नबाब आसफुद्दौला याने १७७५ मध्ये आपली राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. त्यानंतर काही वर्षांतच या मुलखात भीषण दुष्काळ पडला. लोकांच्या हाताला काम द्यावं म्हणून १७८४ मध्ये त्याने इमामबाड्याचं बांधकाम काढलं. इमामबाडा म्हणजे मोहरममध्ये इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा शोक करण्याची जागा. महाराष्ट्रात दुष्काळ पडला की रोजगार हमीची कामं निघतात, तसंच हे काम. फरक इतकाच की इथून रस्ता किंवा तलाव नाही, तर देशातल्या सर्वात अचाट इमारतींपैकी एक उभी राहिली.

लखनौत एक गोष्ट घरोघर सांगतात. दिवसा मजूर भिंती बांधत आणि रात्री त्या पाडल्या जात, म्हणजे काम संपायला नको. रात्रीच्या कामावर घरंदाज माणसं येत. दुष्काळाने त्यांच्याही चुली विझल्या होत्या, पण उजेडात टोपली उचलायची लाज वाटत होती. अंधारात कोण कोणाला ओळखणार? गोष्ट कितपत खरी हे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण लखनौला ती सांगावीशी वाटते, यातच या गावाचा स्वभाव दिसतो. मदत करावी, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये अशी. 'ज्याला देव देत नाही, त्याला आसफुद्दौला देतो' अशी म्हणच इथे पडली.

आजीला ही गोष्ट ऐकून बहात्तरचा दुष्काळ आठवला. तिच्या माहेरच्या गावात खडी फोडायला गेलेल्या बायका डोक्यावरून पदर पुढे ओढून घेत, तो ऊन लागू नये म्हणून नव्हे, असं तिने नातवंडांना सांगितलं. मुलाने हे कधी ऐकलं नव्हतं.

इमामबाड्याचं मधलं दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे. एवढ्या मोठ्या छताला आधार द्यायला आत एकही खांब नाही, तुळई नाही. लोखंड नाही, लाकूड नाही. बोटभर जाडीच्या चपट्या 'लखौरी' विटा आणि चुन्याचा गारा, बस्स. वास्तुकाराचं नाव किफायतुल्ला. दालनात आसफुद्दौलाची कबर आहे, आणि किफायतुल्लालाही इथेच मूठमाती मिळाली असं सांगतात. राजा आणि त्याचा वास्तुकार एका छताखाली!

दालनाच्या एका टोकाच्या सज्जात सगळ्यांना उभं करून गाईड दुसऱ्या टोकाला गेला. त्याने तिथे एक कागद फाडला. मग काडी पेटवली. ५० मीटरवरून कागदाचा 'टर्र' आणि काडीची 'चर्र' अगदी कानाशी आल्यासारखी ऐकू आली. धाकटीने लगेच भिंतीला तोंड लावून दादाची एक गुप्त गोष्ट कुजबुजून टाकली. ती सगळ्यांनी ऐकली.

भूलभुलैया

दालनाच्या वर, छताच्या चोहोबाजूंनी जी वाटांची गुंतागुंत आहे, तोच प्रसिद्ध भूलभुलैया. एकसारखे ४८९ दरवाजे असल्याचं सांगतात. मोजायला मात्र कोणी थांबत नाही. वाट जेमतेम एका माणसापुरती. कुठे चार पायऱ्या वर, कुठे सहा खाली, कुठे अचानक खिडकी, कुठे समोर भिंत. दोन जणांनी समोरासमोर यावं आणि एकाने पाठ भिंतीला टेकवून दुसऱ्याला जाऊ द्यावं. 'पहले आप'चा उगम इथेच झाला असेल, असं बाबा म्हणाले.

आजी खाली थांबली. बाकीचे चौघं गाईडच्या मागे निघाले. पाचव्या वळणावर लक्षात आलं की चौघांचे तिघं झालेत.

मुलाने मोबाइलचा दिवा लावून स्वतःची वाट धरली होती. प्रत्येक वेळी डावीकडे वळायचं, म्हणजे हरवणार नाही, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकला. "आई!" अशी त्याची हाक आली, ती भिंतीच्या पलीकडून. इतकी जवळून की हात लावावा. पण भिंतीला दार नव्हतं. आई ज्या दिशेने धावली त्या दिशेला आवाज लांब गेला. उलटी फिरली, तर आणखी लांब. धाकटी रडायच्या बेतात.

गाईडने आईला थांबवलं आणि भिंतीकडे तोंड करून शांतपणे सांगितलं, "बेटा, जहाँ खड़े हो वहीं खड़े रहो. हिलना मत." मग तो एका दरवाजातून दिसेनासा झाला आणि दोन-तीन मिनिटांत मुलाच्या खांद्यावर हात ठेवून भलत्याच बाजूने परत आला. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. गाईड रागावला नाही. "माझे वडीलही हेच काम करायचे," तो हिंदीत म्हणाला. "मी लहानपणी इथे तीनदा हरवलो, तेव्हा शिकलो."

खाली उतरताना मुलाने पहिल्यांदाच प्रश्न विचारला. शत्रूला चुकवायला हे बांधलं का? गाईडने मान हलवली. एवढ्या रुंद दालनावर भरीव छत आणि भरीव भिंती घातल्या असत्या, तर त्या वजनाने इमारत खचली असती. म्हणून छताभोवतीचं बांधकाम आतून पोकळ ठेवलं. पोकळी झाली, तिला वाटा झाल्या, हवा खेळती राहिली. चुकवायला नव्हे, तोलायला बांधलेला हा चकवा आहे. भूलभुलैया हे नाव मागून आलं.

गच्चीवर आल्यावर धुकं विरळ झालं होतं. एका बाजूला आसफी मशिदीचे मिनार आणि घुमट, दुसरीकडे रूमी दरवाजाची पाठ. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने बाबांना विचारलं, "नवाहोंच्या त्या दरीतही गाईडशिवाय जाता येत नाही ना?"

खरंच येत नाही. अरिझोनातल्या पेज गावाजवळच्या त्या दरीला अँटिलोप कॅनियन म्हणतात. नवाहो भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थ 'खडकांतून पाणी वाहतं ती जागा'. वालुकाश्मातून पावसाचे लोंढे हजारो वर्षं वाहत राहिले आणि त्यांनी ही फट कोरली. जमीन नवाहोंची, नियम त्यांचे आणि वाटाड्याही त्यांचाच. यामागे नुसता पैसा नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये दूरवर कुठेतरी पाऊस पडला आणि दरीत अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. वर आकाश कोरडं असतानाही पाणी येऊ शकतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासोबतच आत जायचं असतं. तिथे पाण्याने कोरलेली वाट, इथे माणसाने रचलेली. पण दोन्हीकडे वाट दाखवणारा माणूस गेला, तर उरतात नुसते दगड आणि विटा.

ज्या वाटा पुसल्या गेल्या

इमामबाड्याशेजारचा रूमी दरवाजाही १७८४ च्या त्याच दुष्काळी कामातला. उंची सुमारे ६० फूट. इस्तंबूलच्या एका दरवाजावरून तो बांधला असं मानतात. खालून वर पाहिलं तर अर्ध्या घुमटावर फुलाच्या पाकळ्या उमलल्यासारख्या दिसतात. वर्षानुवर्षं त्याखालून बसगाड्या, टांगे, मोटारी धावल्या. २०२२ च्या अखेरीस पुरातत्त्व खात्याने दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा खालची वाहतूक थांबवावी लागली. दोन-सव्वादोन शतकांच्या विटांना तेवढी उसंत हवीच होती.

पुढे हुसेनाबादचा घंटाघर, १८३८ मधला छोटा इमामबाडा आणि सतखंडा. सतखंडा म्हणजे सात मजल्यांचा मनोरा, पण मजले चारच. बांधणारा मुहम्मद अली शाह १८४२ मध्ये वारला आणि काम थांबलं ते कायमचं.

पण चौकाचा सगळ्यात मोठा बदल कोणा नबाबाने केला नाही. १८५७ च्या उठावात लखनौ पेटलं. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर परत जिंकलं आणि या गल्ल्यांनी आपल्याला किती छळलं हे ते विसरले नाहीत. अरुंद बोळांत फौज अडकते, तोफा वळत नाहीत. म्हणून दाट वस्ती पाडून सरळ, रुंद रस्ते काढायचं ठरलं. कितीतरी घरं, वाडे जमीनदोस्त झाले. इमामबाड्यात पुढची काही वर्षं फौजेचा तळ होता. आज चौकाभोवतीच्या रुंद रस्त्यावरून ई-रिक्षा सुसाट जाते, तेव्हा तिच्या चाकाखाली कोणाचंतरी अंगण असतं.

नवाहोंचीही कहाणी याच काळातली. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना त्यांच्या भूमीतून हुसकून शेकडो मैल पायी चालवत नेलं. १८६८ च्या करारानंतर ते परतू शकले. लाल खडकांच्या सुंदर फोटोंत हे दिसत नाही, तसंच इमामबाड्याच्या फोटोतही सगळं दिसत नाही.

त्या सत्तावनच्या धामधुमीत एक मराठी माणूसही उत्तरेत सापडला होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात अडकला आणि पुढे त्याने 'माझा प्रवास' लिहिला. १९०७ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. आजीच्या माहेरी ते पुस्तक होतं. तिला ठाऊक नव्हतं ते असं, की या पुस्तकाला हिंदीत नेणारा लेखक याच चौकात राहत होता. अमृतलाल नागर (१९१६-१९९०) हे हिंदीतले मोठे कादंबरीकार. चौकातल्या एका जुन्या हवेलीत त्यांचं बिऱ्हाड होतं आणि त्यांच्या कादंबऱ्यांत या गल्ल्याच बोलतात. विष्णुभटांचा प्रवास त्यांनी 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदीत आणला. वरसईची शाई अशी चौकात पोचली.

अत्तर, वर्ख आणि गाणं

अकरा वाजले आणि चौक जागा झाला. फळ्या निघाल्या, पडदे सरकले. अत्तरवाल्याने काचेच्या कांडीने आजीच्या मनगटावर खसाचा थेंब लावला. पुढे एका ओट्यावर कातडी पुडक्यात चांदीचे कण ठेवून त्यावर हातोडी पडत होती, ठक-ठक, ठक-ठक. मिठाईवरचा वर्ख असा तयार होतो, हे धाकटीला खरंच वाटेना. इथून थोड्याच अंतरावर बडी कालीजीचं देऊळ आहे, आणि फिरंगी महालही. एकेकाळी युरोपियन व्यापाऱ्यांचं असलेलं हे घर औरंगजेबाच्या काळात एका विद्वान मुस्लिम घराण्याला मिळालं. त्या घराण्यातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी आखलेला अभ्यासक्रम 'दर्स-ए-निजामी' म्हणून देशभरच्या मदरशांत पोचला.

चौकाच्या माड्यांवर एकेकाळी तवायफांचे कोठे होते. आज ते नाहीत. मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' १८९९ ची, आणि तिच्यावरचा चित्रपट १९८१ चा. त्यातल्या गाण्यांसाठी आशा भोसले यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मराठी घरात सांगायला नको. त्या माड्यांवर नुसतं दिल जमत नव्हतं, ठुमरी आणि कथकही जमत होते. घरंदाज मुलांना बोलण्या-बसण्याची रीत शिकायला तिथे पाठवत, असं म्हणतात. बेगम अख्तर (१९१४-१९७४) यांची कबरही चौकापासून फार दूर नाही, ठाकूरगंज भागात. आणि ज्या गाण्याला पुढे प्रतिष्ठेची शाळा मिळाली, ती शाळा याच शहरात १९२६ मध्ये उघडली एका मराठी पंडिताने. विष्णु नारायण भातखंडे यांचं मॅरिस कॉलेज आज भातखंडे यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

सुईच्या टोकावर

आईची यादी मात्र एका शब्दाची होती. चिकन. म्हणजे कोंबडी नव्हे, कशिदा. २००८ मध्ये या लखनवी चिकनकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात गादीवर बसून तिने एक फिका गुलाबी कुर्ता उचलला आणि आपल्या सवयीप्रमाणे सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात केली.

दुकानदार चिडला नाही. त्याने तसाच दिसणारा दुसरा कुर्ता काढला आणि दोन्ही उलटे करून शेजारी-शेजारी ठेवले. "बहनजी, हा तुम्ही म्हणता त्या किमतीला घेऊन जा."

फरक आईला दिसला. स्वस्त कुर्त्यावरचा प्रत्येक टाका दुसऱ्यासारखा, मापात कापल्यासारखा. मशीनचं काम. दुसऱ्याच्या मागच्या बाजूला धाग्यांची ये-जा, बारीक गाठी, एखादी पाकळी किंचित लहान. हाताचं काम. चिकनचे टाके कितीतरी प्रकारचे. टेपची म्हणजे साधा धावता टाका, सगळ्यात सोपा. बखियात धागा मागून फिरतो आणि तलम कापडातून त्याची सावली पुढे दिसते. मुर्री तांदळाच्या दाण्याएवढी, फंदा त्याहून गोल, बाजरीसारखा. आणि जाली! त्यात एकही धागा कापत नाहीत. सुईने कापडाचे उभे-आडवे धागे बाजूला सारून खिडक्या पाडतात.

आधी लाकडी ठशांनी निळसर रंगात नक्षी छापायची. मग कापड खेड्यापाड्यांतल्या आणि मोहल्ल्यांतल्या बायकांकडे जातं. भरून झालं की धोबी धुतो, तेव्हा निळा रंग निघून जातो आणि उरतो फक्त टाका.

नेमकी त्याच वेळी एक बाई बोचकं घेऊन दुकानाच्या पायरीवर आली. तयार माल द्यायला. पस्तिशीची असेल, पण चष्मा जाड. आजी तिच्या शेजारी पायरीवरच बसली. एका दुपट्ट्यावरच्या मुर्रीवर बोट फिरवत तिने विचारलं, "कितने दिन लगे?"

"घर का काम भी तो है, अम्मा," बाई म्हणाली. "दो महीने लग गए."

"और मिलते कितने हैं?" हा प्रश्न आईचा.

बाईने दुकानदाराकडे पाहिलं, मग हसली आणि बोचक्याची गाठ सोडू लागली. उत्तर आलं नाही. आईने पुन्हा विचारलंही नाही. हातातला गुलाबी कुर्ता तिने खाली ठेवला नाही, पण घासाघीस तिथेच थांबली.

बाबांनी मात्र बाहेर आल्यावर खरा प्रश्न काढला. "तू पूर्ण पैसे दिलेस हे चांगलं. पण त्यातले तिच्यापर्यंत किती जाणार?"

याचं सोपं उत्तर नाही. दुकानदार, ठेकेदार, त्याचा माणूस, मग कारागीर, अशी ही साखळी. बाईला मजुरी नगावर मिळते, तासावर नाही. डोळे जातात, मान धरते. शिवाय मशीनचा माल हाताच्या कामाच्या नावाने विकला जातो, तेव्हा मार तिच्याच पोटाला बसतो. १९८६ मध्ये मुजफ्फर अली यांनी 'अंजुमन' हा चित्रपट याच बायकांवर काढला होता, शबाना आझमी नायिका. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, 'सेवा लखनौ' ही संस्था उभी राहिली. मधले दलाल टाळून कारागीर बायकांनीच माल विकावा, हा तिचा मार्ग. गिऱ्हाइकाच्या हातात एवढंच असतं. कापड उलटं करून पाहावं, मशीनला मशीनची आणि हाताला हाताची किंमत द्यावी आणि जमेल तेव्हा कारागिरांच्या संस्थेतून घ्यावं.

आजीने निघताना त्या बाईच्या हातावर हात ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "डोळे सांभाळ गं बाई." बाईने मान डोलावली. भाषेची अडचण दोघींनाही आली नाही.

रात्रीची गर्दी

संध्याकाळी चौक पुन्हा वेगळा. अकबरी दरवाजाजवळच्या टुंडे कबाबीचा पत्ता विचारायची गरज नाही, धूर रस्ता दाखवतो. १९०५ पासूनचं हे दुकान हाजी मुराद अली यांनी सुरू केलं. त्यांना एकच हात होता, म्हणून 'टुंडे'. गलावटी कबाब म्हणजे दाताची गरजच नको असं मऊसूत प्रकरण. बाबांनी आणि मुलाने त्यावर ताव मारला. आई, आजी आणि धाकटी शेजारच्या गल्लीत ठंडाई आणि लस्सीवर खूश. २०२५ मध्ये युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीसाठी 'सर्जनशील शहर' असा मान दिला. चौकातल्या आचाऱ्यांना त्यात नवल वाटलं नसावं.

त्याच वर्षी चौकातून जाणाऱ्या मेट्रोच्या नव्या मार्गालाही केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. उद्या पर्यटक भुयारातून थेट चौकात उतरतील. सोय होईल, यात शंका नाही. पण लखौरी विटांच्या जुन्या हवेल्या एकेक करून सिमेंटच्या होतायत, आणि रुंद रस्त्यांचा अनुभव या वस्तीने एकदा घेतलाय. मेट्रोचं काम करणाऱ्यांनी चुकवायला नव्हे, तोलायला बांधलेल्या त्या वाटा एकदा पाहून यायला हरकत नाही.

रात्री हॉटेलवर मुलाने मावसभावाला फोटो पाठवले. इमामबाड्याच्या दर्शनी भागाचा एकही नव्हता. होता तो एका अंधाऱ्या बोळाचा, टोकाला उजेडाची तिरीप आणि तिच्यात गाईडची पाठमोरी आकृती. खाली त्याने लिहिलं, "मी इथे पाच मिनिटं हरवलो होतो. तू तिथे हरवलास का?"

पलीकडून लगेच उत्तर आलं, "नाही."

मुलगा समाधानाने झोपला.

जाणार असाल तर...

कसं जाल: मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस साधारण चोवीस तासांत लखनौला पोचवते. विमानसेवाही आहे. स्टेशनावरून चौकाकडे रिक्षा, ई-रिक्षा सहज मिळतात.

केव्हा जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निमिष याच दिवसांत मिळतं. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांना उशीर होतो, म्हणून परतीच्या प्रवासात एक दिवस हाताशी ठेवा. मोहरमच्या मुख्य दिवसांत इमामबाडे पर्यटकांना बंद असतात, हे आधी पाहून घ्या.

काय सांभाळाल: इमामबाडा ही प्रार्थनेची आणि शोकाची जागा आहे. अंगभर कपडे असावेत, दालनात जोडे काढावेत, डोकं झाकायला ओढणी वा रुमाल जवळ ठेवावा. भूलभुलैयात पायऱ्या उंच आणि वाट अंधारी आहे. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. मुलांचा हात सोडू नका. गाईडचे पैसे आधी ठरवा.

काय खाल: कबाब कशाचे आहेत ते आधी विचारा, सांगायला कोणी संकोचत नाही. शाकाहारी मंडळींसाठी कुल्चा, चाट, लस्सी, ठंडाई आणि मिठाई भरपूर.

काय घ्याल: चिकन आणि अत्तर. कुर्ता आवडला की आधी तो उलटा करा.